कमलाला बोलायला किती वाक्ये?



सहा जानेवारी हा महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. योगायोग असा, की नाटककार विजय तेंडुलकरांचा जन्मही ६ जानेवारीचाच, १९२८ सालचा. तेंडुलकरांनी उमेदीची बरीच वर्षे वृत्तपत्रांत काम केले होते. म्हणून यंदा पत्रकार दिनाला नुसती भाषणे नकोत, त्यांच्या ‘कमला’ नाटकातील निवडक प्रवेशांचे अभिवाचन करू, असे आमच्याकडे ठरले. मराठीची शिक्षिका म्हणून अकरावीच्या मुलामुलींकडून ते बसवून घेण्याचे काम माझ्याकडे आले. त्या तीन आठवड्यांत मुलांना मी काय शिकवले, ते सांगता येणार नाही. मी काय शिकले, ते मात्र या सदरात सांगावेसे वाटते.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जयसिंग जाधव हा दिल्लीतला नावाजलेला इंग्रजी पत्रकार. बिहारमधील लोहारदगा भागात बायकांचा बाजार भरतो अशी माहिती त्याला मिळते. ती खरी आहे हे सिद्ध करण्यासाठी तो तिथून कमला नावाची आदिवासी बाई अडीचशे रुपयांना विकत घेतो आणि दिल्लीला आपल्या घरी आणतो. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद भरवून तिला सगळ्यांसमोर उभी करायची असा त्याचा बेत असतो. त्याची बायको सरिता शिकलेली, चांगल्या घरची. कमलाला अंघोळ घालावी, धड लुगडे द्यावे असे तिला वाटते, पण जयसिंगला कमला आहे तशीच, फाटक्या कपड्यांत हवी असते. परिषद होते. पत्रकार तिला नको नको ते प्रश्न विचारतात, हसतात. घरी आल्यावर जयसिंग आणि त्याचा मित्र जैन तेच प्रश्न आठवून पुन्हा हसतात. सरितेचे काका, काकासाहेब, जुन्या पिढीतले पत्रकार. त्यांना हे हसणे सोसत नाही. शेवटी मोठ्या लोकांना ही बातमी झोंबते आणि मालक जयसिंगलाच नोकरीवरून काढून टाकतो.

ही कथा हवेतून आलेली नाही. १९८१ साली ‘इंडियन एक्सप्रेस’चे पत्रकार अश्विनी सरीन यांनी राजस्थान आणि मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या भागातून कमला नावाची स्त्री २,३०० रुपयांना विकत घेतली आणि स्त्रियांचा व्यापार चालतो हे पहिल्या पानावर छापून दाखवले. देशभर खळबळ उडाली. तेंडुलकरांचे नाटक त्यावरूनच सुचलेले. त्यांनी नाटकात तिला बिहारची आदिवासी केले आणि बातमी कशी आणली गेली, यावर बोट ठेवले.

आता आमच्या तालमीकडे येते. पात्रे सहाच. जयसिंग, सरिता, काकासाहेब, जैन, घरातली मोलकरीण कमलाबाई आणि कमला. कौटुंबिक कार्यक्रमात वाचता येणार नाहीत असे भाग मी गाळले होते. वाटप करताना ‘कमला’ कोणाला द्यायची यावर फारसा विचारही झाला नाही. वर्गात धडगावकडची एक पावरा मुलगी आहे. वसतिगृहात राहते. आई-वडील ऊसतोडीला गुजरातेत जातात. सगळे म्हणाले, “हिला कमला द्या, मॅडम. शोभेल.” मीही लगेच तिच्या नावापुढे कमला लिहून टाकले.

दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत आली. हातात झेरॉक्सची पाने. कमलाच्या प्रत्येक वाक्यापुढे तिने पेन्सिलीने आकडा घातला होता.

“मॅडम, नाटकाचं नाव कमला आहे ना?”

“हो.”

“मग कमलाला बोलायला इतकं कमी कसं? सगळे तिच्याबद्दलच बोलतात. ती तर बसूनच असते.”

मी तिला म्हणाले, तेच तर नाटककाराला दाखवायचे आहे. तिने मान हलवली. मग थोडे थांबून म्हणाली, “पण मॅडम, मला जयसिंग वाचायचा आहे. पत्रकार.”

माझ्या तोंडून निघून गेले, “अगं, तो तर पुरुष आहे.” ती म्हणाली, “वाचायचंच तर आहे.” बरोबरच होते. अभिवाचनात पुरुषाची भूमिका मुलीने वाचायला काय हरकत आहे? माझ्या मनात अडसर होता तो पुरुष-बाईचा नव्हता. आदिवासी मुलीने आदिवासी बाईच वाचावी, असे मी न बोलता ठरवून टाकले होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या नंदुरबार जिल्ह्याची साधारण ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. या जिल्ह्यात इतकी वर्षे शिकवूनही ‘पत्रकार’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पावरा मुलगी येत नव्हती.

तिचा प्रश्न नाटकालाही विचारण्यासारखा आहे. वृत्तपत्राच्या नीतीवरचे हे नाटक जिच्या नावाने आहे, तिला त्यात जागा किती? आकड्याने पाहिले तर थोडीच. परिषद झाल्यावर जयसिंग तिला आश्रमात पाठवून देतो, आणि पुढचे नाटक मुख्यतः जयसिंग आणि सरिता या नवरा-बायकोचे होते. जयसिंग कमलाला वापरून बाजूला ठेवतो अशी आपण तक्रार करतो. नाटकाच्या उत्तरार्धातही तीच बाजूला पडते. मोलकरीण कमलाबाई तर शेवटपर्यंत हाताखालचीच राहते, तिचे घर कसे आहे हे कोणी विचारत नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर नाटकावर अन्याय होईल. कमलाला वाक्ये कमी असली तरी नाटक तिच्याच एका प्रश्नावर वळते. ती सरितेला साधेपणाने विचारते, की तुला यांनी केवढ्याला घेतले. कमलाच्या मते या घरात दोन विकत घेतलेल्या बायका आहेत, एक आधीची आणि एक नवी. दोघींनी मिळून घर कसे चालवायचे याचा हिशोबही ती मांडते. शिकलेल्या सरितेला आपले लग्न, आपले स्थान पहिल्यांदा कळते ते या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईकडून. म्हणजे तेंडुलकरांनी कमलाला तोंड दिले आहे आणि डोकेही दिले आहे. एखाद्या समाजाला कथेत किती जागा मिळाली हे पाहताना डोकी मोजावी लागतातच. पण तेवढ्यावर थांबू नये. त्या माणसाला स्वतःचा विचार आहे का, त्याच्या बोलण्याने पुढे काही बदलते का, हेही पाहावे.

याच कथेची पुढची हकिकत मला तालमीच्या वेळी वाचताना सापडली आणि ती मी मुलांना सांगितली. या नाटकावरून जगमोहन मुंद्रा यांनी हिंदी चित्रपट काढला. शबाना आझमी सरिता, दीप्ती नवल कमला. तेव्हा ‘इंडियन एक्सप्रेस’ मुंबई उच्च न्यायालयात गेले. आमच्या पत्रकाराच्या लेखांची ही नक्कल आहे, असा दावा होता. घडलेल्या घटनेवर किंवा कल्पनेवर कोणाची मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर, अशा कारणाने न्यायालयाने चित्रपटाला मनाई केली नाही. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही अभ्यासला जातो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, “म्हणजे कमलाची गोष्ट कोणाची, यावर भांडण झालं?” मी म्हटले, हो. “आणि कमला कुठे होती?” त्या भांडणात एका बाजूला वृत्तपत्र होते, दुसऱ्या बाजूला चित्रपट. जिला विकले, विकत घेतले, छापले, रंगमंचावर आणि पडद्यावर आणले, ती कोणत्याच बाजूला नव्हती.

इथे आपल्या वाचकांपैकी काहींच्या मनात येईल, की या नाटकात मुसलमान पात्र कुठे आहे? नाही. आणि प्रत्येक नाटकात ते असलेच पाहिजे असा हट्ट मी धरणार नाही. तेंडुलकरांच्याच ‘सखाराम बाइंडर’मध्ये दाऊद मियाँ आहे. सखारामच्या घरी गणपतीची आरती चालू असताना तोही सामील होतो आणि लक्ष्मीला ते खपत नाही. तेवढ्या एका प्रसंगात शेजारपणाचे खरे रूप उघडे पडते. दाऊद काही संत नाही, चुकणारा माणूस आहे. आपल्या समाजाचे प्रत्येक पात्र निष्कलंकच असावे अशी मागणी आपण करू नये. पण दाऊदचे घर, त्याचे दिवसभराचे जगणे नाटकात दिसत नाही. इतरांच्या मनात काय आहे हे दाखवायला तो येतो आणि जातो.

नाटकात हे चालूनही जाते. बातमीत मात्र त्याची किंमत माणसाला मोजावी लागते. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये आजार पसरवणारे म्हणून तबलिगी जमातीची नावे रात्रंदिवस टीव्हीवर चालली. ज्यांचा जमातीशी काही संबंध नव्हता अशा भाजीवाल्यांनाही लोक नाव विचारू लागले होते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यात परदेशी तबलिगींवर दाखल झालेले गुन्हे रद्द केले. त्यांच्याविरुद्ध वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर मोठा प्रचार झाला, असेही निकालात नमूद केले. आरोपाची बातमी आमच्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आठवडाभर होती. निकालाची बातमी मला आतल्या पानावर शोधावी लागली. त्या काळात आमच्याबद्दल खूप बोलले गेले, आमच्याशी फार थोडे. त्यामुळे कमलाचे गप्प बसणे मला परके वाटत नाही.

इथपर्यंत लिहून लेख संपवला असता तर सोपे झाले असते. पण तालमीत जे पुढे घडले ते सांगितले नाही तर मी जयसिंगसारखीच अर्धी बातमी देईन.

पावरा मुलीला जयसिंग दिल्यावर ‘कमला’ आपल्या समाजातल्या एका मुलीकडे गेली. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. त्याच संध्याकाळी तिच्या आईचा मला फोन आला. ओळखीचे घर आहे, चांगले आहे. त्या म्हणाल्या, “बाजी, हमारी बच्ची को आदिवासन कायको बनाया? दुसरा कोई रोल नहीं था?”

मी म्हटले, “अहो, नुसतं वाचायचं आहे. कपडेसुद्धा बदलायचे नाहीत.” त्या कशाबशा तयार झाल्या आणि फोन ठेवला. पण माझे उत्तर चुकीचे होते. नुसतेच तर वाचायचे आहे, म्हणजे हे पात्र कमी दर्जाचे आहे हे मीही मान्यच केले. मी विचारायला हवे होते, की कमला झाल्याने तुमच्या मुलीचे काय कमी होणार आहे? टीव्हीवर आपल्याकडे ज्या नजरेने पाहिले जाते त्याचे आपल्याला इतके दुःख होते. मग हीच नजर आपण डोंगरातून येणाऱ्या माणसाकडे कशी वळवतो?

आपल्या जिल्ह्यातले आपले व्यवहार आठवून पाहा. मिरचीचा हंगाम आला की शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर लाल मिरची पसरते. त्यावर वाकून काम करणाऱ्या बायकांचे फोटो दरवर्षी छापून येतात. फोटोखाली क्विंटलचा भाव असतो. त्यांच्या मजुरीचा भाव आणि त्यांचे नाव क्वचितच. आपण दुकानदार असू, व्यापारी असू, शिक्षक असू. रोज ज्यांच्याशी देवाणघेवाण होते त्यांच्यापैकी कितीजणांना आपण नावाने ओळखतो? किती घरांत त्यांच्या बोलीची, वेषाची नक्कल करून हसतात? जयसिंग आणि जैन दिवाणखान्यात बसून वेगळे काय करत होते?

शहाद्याचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता प्रसिद्ध आहे. आपले दुःख आपल्यालाच समजावून सांगायला दुसरेच कोणी उभे राहतात आणि ज्याचे दुःख तो खालीच बसून राहतो, हा तिचा विषय. ती आपल्याच जिल्ह्यात लिहिली गेली. आपण ती मुशायऱ्यातल्या गजलेइतक्या आवडीने घरात वाचली पाहिजे.

सूरह हुजुरात ही सूरत लहान आहे, पण प्रत्येक वृत्तपत्राच्या कचेरीत आणि प्रत्येक घरात लावून ठेवावी अशी आहे. कोणी बातमी आणली तर आधी खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहावर अन्याय कराल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद तिच्यात आहे. पुढे त्याच सूरतीत एका समूहाने दुसऱ्या समूहाची, स्त्रियांनी इतर स्त्रियांची थट्टा करू नये असे सांगितले आहे. खातरजमा आणि थट्टा या दोन गोष्टी इतक्या जवळ का आल्या असतील, हे मला ‘कमला’ बसवताना समजले. जयसिंगची बातमी खरी होती. खातरजमा त्याने जीव धोक्यात घालून केली होती. तरी तो चुकला, कारण जिची बातमी होती तिच्या अब्रूची त्याने पर्वा केली नाही. नीतीसाठी नुसते खरे असणे पुरत नाही.

हजरत आयशा (रजि.) यांच्यावर मदिन्यात जे कुभांड रचले गेले ते आपण सगळे जाणतो. जवळजवळ महिनाभर ती चर्चा तोंडातोंडी फिरत होती. आयशा (रजि.) त्या काळात आजारी होत्या, आणि ज्यांच्याबद्दल हे सगळे बोलले जात होते त्यांनाच ते सर्वांत शेवटी कळले. सूरह नूरमध्ये अल्लाहने त्यांची निर्दोषता जाहीर केली आणि ऐकीव गोष्ट पुढे नेणाऱ्यांना खडसावले. त्याच वेळची एक लहानशी हकिकत सीरतच्या ग्रंथांत आहे. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) आणि त्यांची पत्नी यांच्यात घरी हा विषय निघाला. तू तिच्या जागी असतीस तर असे केले असतेस का, असे त्यांनी पत्नीला विचारले. ती म्हणाली, कधीच नाही. मग आयशा तर तुझ्याहून श्रेष्ठ आहेत, असे ते म्हणाले, आणि विषय तिथेच संपला. बातमी पारखायला त्यांना कचेरी लागली नाही, स्वतःला समोरच्याच्या जागी ठेवून पाहणे पुरले. आज आपल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाचा तरी केविलवाणा किंवा लाजिरवाणा व्हिडिओ पुढे पाठवताना आपणही एक छोटी पत्रकार परिषदच भरवत असतो.

म्हणून मी मुलांना पाच प्रश्न लिहून दिले. घरी मालिका पाहताना, वर्तमानपत्र वाचताना तुम्हीही मुलांबरोबर ते विचारून पाहा. ही गोष्ट कोणाबद्दल आहे? त्यात बोलते कोण? जिच्याबद्दल आहे तिला विचारले होते का? तिच्या बोलण्याने गोष्टीत काही बदलते का? आणि शेवटचा प्रश्न: आपण कोणाला हसलो?

सहा जानेवारीला अभिवाचन झाले. पावरा मुलीने जयसिंग वाचायला सुरुवात केली तेव्हा मागच्या बाकांवर थोडी खसखस पिकली. परिषदेहून परतल्यावरच्या प्रवेशापर्यंत ती थांबली होती. आपल्या समाजातल्या मुलीने सरितेला विचारायचा तो प्रश्न अगदी हळू आवाजात वाचला. तिची आई पहिल्या रांगेत बसली होती. कार्यक्रमानंतर त्या माझ्याकडे आल्या नाहीत. थेट पावरा मुलीकडे गेल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचे नाव विचारले.

नंतर खुर्च्या उचलताना मी तिला विचारले, “कसा वाटला तुला जयसिंग?”

ती म्हणाली, “वाईट नाहीये मॅडम तो. त्याला फार घाई आहे.”

आपल्याकडे म्हणतातच, जल्दी का काम शैतान का. पत्रकार व्हायचे का, असे मी तिला अजून विचारलेले नाही. बारावीनंतर पाहू, इन्शाअल्लाह. तोपर्यंत भित्तिपत्रकाचे संपादन तिच्याकडे दिले आहे. पहिल्या अंकासाठी ती शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मावशींची मुलाखत घेणार आहे. त्यांना आधी विचारून आली आहे.